पाणी बघणाऱ्या काकू

माझ्या सासूबाईंना काळजी करायला कारण लागत नाही. गॅस बंद केला का, हे बघायला त्या बसथांब्यावरून परत येतात, मग बस गेली तरी चालेल. माझा नवरा आंघोळीला गेला आणि आतला पाण्याचा आवाज थांबला, की दारावर थाप पडते. आतून त्याने ओरडून "आहे, आई!" म्हटल्याशिवाय त्या हलत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, या बाईचा माझ्यावर विश्वास नाही. मग लक्षात आलं, त्यांचा कशावरच नाही. कुलपावर नाही, घड्याळावर नाही, दुधाच्या पिशवीवरच्या तारखेवर तर मुळीच नाही. या काचापायी एकदा मी भांडून माहेरी निघून गेले होते. तिथे पोचायच्या आत त्यांचा फोन आला, नीट बसलीस ना गाडीत, म्हणून.

अशा बाईच्या हाती गावाने खाडी सोपवली, याचं मला तरी नवल वाटलं नाही.

आमचं गाव शिंपल्यांवर जगतं. खाडीत तराफे आहेत, तराफ्यांखाली दोऱ्या सोडलेल्या आहेत आणि त्या दोऱ्यांवर शिंपले वाढतात. माझा नवरा तेच काम करतो. मी सोसायटीच्या शेडमध्ये शिंपले धुऊन, निवडून, पेट्यांत भरून घेते. मध्यंतरी खाडीची फार दुर्दशा झाली होती. तळाचं गवत गेलं, दोऱ्यांवर पिल्लं धरेनात, पाणी कधी हिरवं तर कधी तांबूस. बाहेरून कोणीतरी येऊन काहीतरी करेल याची वाट बघून कंटाळल्यावर लोकांनीच शेडमध्ये बसून, पुष्कळ आरडाओरडा करून नियम ठरवले. खाडीचा एक कोपरा कायमचा बंद. तिथे नांगर टाकायचा नाही, जाळं ओढायचं नाही, गवत वाढू द्यायचं. आणि पाण्यावर लक्ष आपणच ठेवायचं. शहरातल्या प्रयोगशाळेतली एक मुलगी येऊन शिकवून गेली. पाणी गढूळ किती, गरम किती, गवत कुठवर सरकलं, हे कसं मोजायचं ते तिने दाखवलं. शेवटी तिने विषाबद्दल सांगितलं.

पाण्यात एक इवलासा जीव असतो, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. एरवी नसतो, पण कधीकधी अचानक वाढतो. शिंपले पाणी गाळून खातात, त्याबरोबर तोही त्यांच्या पोटात साठतो. शिंपल्यांना काही होत नाही. खाणाऱ्याला होतं. आधी ओठांना मुंग्या येतात, मग हातपाय जड होतात, आणि जास्त गेलं असेल तर श्वास थांबतो. शिजवून ते विष जात नाही, तळून जात नाही, चवीला कळत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग बाळा, तुला झोप कशी लागते?"

मुलगी हसली नाही. तिने सूक्ष्मदर्शक उचलून त्यांच्यापुढे ठेवला. माणसं ओळखते ती.

तेव्हापासून मागच्या खोलीत खिडकीपाशी शिवणयंत्र होतं ते कोपऱ्यात गेलं आणि त्या जागी सूक्ष्मदर्शक आला. सासूबाई आयुष्यभर लोकांचे कपडे शिवायच्या, आता पाणी बघायला लागल्या. दर आठवड्याला नवऱ्याच्या होडीतून तराफ्यांपर्यंत जायचं, बाटलीत पाणी भरायचं, मग गाळणी पाण्यातून ओढायची. गाळणी म्हणजे अगदी बारीक विणीच्या कापडाची लांब टोपी, टोकाला छोटी डबी. पाणी निघून जातं, त्यातलं जे काही असेल ते डबीत उरतं. घरी येऊन डबीतला एकेक थेंब काचेवर घ्यायचा आणि बघत बसायचं. पाण्याची बाटली, डबीत उरलेलं थोडं पाणी आणि दोन मुठी शिंपले शहराच्या बसने प्रयोगशाळेत जातात, पण तिथलं उत्तर यायला दुसरा दिवस उजाडतो. तोवर सगळी भिस्त सासूबाईंच्या डोळ्यांवर.

नियम सोपा आहे. काकूंना, म्हणजे सासूबाईंना, पाण्यात तो जीव दिसला, की त्यांनी धक्क्यावरच्या खांबाला लाल फडकं बांधायचं. फडकं दिसलं की ज्याने त्याने हातातलं काम टाकायचं. विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. प्रयोगशाळेने सांगितल्यावरच फडकं उतरवायचं. यावर सगळ्या गावाने अंगठे उठवले होते, माझ्या नवऱ्याने तर दोन्ही.

पण नियम करणं सोपं. गेल्या वर्षी सासूबाईंनी फडकं बांधलं आणि प्रयोगशाळेने सांगितलं, तो त्यातला नव्हे, त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा, निरुपद्रवी आहे. काढणीचे दिवस फुकट गेले. कोणी चकार शब्द काढला नाही, पण वाटेत भेटलं की, "काय काकू, आज पाण्यात वाघ निघाला का?" सोसायटीचे अध्यक्ष, एरवी भले गृहस्थ, तेही मिशीतल्या मिशीत हसायचे. सासूबाई हसण्यावारी न्यायच्या आणि घरी येऊन जेवायच्या नाहीत. "लोक हसतात त्याचं काही नाही गं," त्या मला म्हणाल्या. "पुढच्या वेळी फडकं बघून हसले आणि काढणी चालूच ठेवली, तर? कुणाच्या तरी ताटात जायचं ते."

त्यांची सगळी भीती एवढीच होती. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या चुकीने, कुणीतरी ते खाईल.

आता ज्या दिवसांबद्दल सांगायचं आहे ते तसे गडबडीचेच होते. मोठी मागणी आली होती, शहरातून थंड पेटाऱ्याची गाडी येऊन शेडबाहेर उभी होती. सासूबाई पाणी आणायला धक्क्यावर गेल्या आणि होडी सुटता सुटता जावईबापू स्कूटरवरून आले. सासूबाईंची मुलगी, म्हणजे माझी नणंद, डोंगराच्या पलीकडच्या आखातावर दिलेली आहे. तिथेही लोकांना असंच पाण्यावर लक्ष ठेवायचं होतं, म्हणून ताईंनी सरावासाठी आईची गाळणी चार दिवसांकरता मागून नेली होती. ती परत द्यायला जावई आले होते.

"उशीर झाला, आई, रागावू नका. तिने कालच पाण्यात ओढून बघितली. धुऊन, झटकून दिलीय," ते म्हणाले आणि बादलीसकट गाळणी होडीत दिली. सासूबाईंनी त्यांना चहा पिऊन जायला सांगितलं, चहा कुठे आहे तेही सांगितलं, दूध उतू घालवू नका हेही सांगितलं. होडी लांब गेली तरी त्या बोलतच होत्या.

दुपारी मी शेडवरून जेवायला घरी आले तर मागच्या खोलीतून आवाज नाही. डोकावले. सासूबाई डोळा भिंगाला लावून बसल्या होत्या आणि एका हाताने खिडकीचा गज धरला होता.

"इकडे ये. मला नाही, तू बघ. आणि मी काही सांगायच्या आधी तू सांग."

मी बघितलं. नेहमीचा कचरा, काड्या, बोटीसारखे काही आकार. आणि मधोमध चार गोल मणी, एकाला एक चिकटलेले, माळेसारखे. सूक्ष्मदर्शकाच्या मागे भिंतीवर प्रयोगशाळेतल्या मुलीने दिलेलं त्या जीवाचं चित्र लावलं आहे. मी चित्राकडे बघितलं, परत भिंगात बघितलं.

"माळ आहे," मी म्हटलं.

"आणखी आहेत. तीन थेंबांत बघितल्यात." त्यांनी चित्राकडे बोट दाखवलं. "या वेळी तो दुसरा नाही ना? त्याची माळ होत नाही. होत नाही ना गं?"

"मला काय विचारता, आई? मी पेट्या भरते."

"विचारू नको तर काय करू!" त्या माझ्यावर खेकसल्या. त्या सहसा खेकसत नाहीत. मग उठल्या, कपाटातून फडकं काढलं, पायात चपला घातल्या. दारात थांबल्या. मला वाटलं, गॅस बघायला परत येणार. पण त्या फक्त उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गाडी उभी आहे ना अजून?"

"आहे."

"अर्धी भरली असेल."

"असेल."

"देवा," म्हणाल्या आणि गेल्या.

फडकं वर गेलं आणि धक्क्यावरचा कलकलाट हळूहळू ओसरला. नियम पाळला लोकांनी, हे मी मान्य करते. पेट्या गाडीतून उतरल्या, शिंपले जाळीच्या पिशव्यांत घालून परत पाण्यात सोडले. पण तोंडं अशी झाली होती की बघवत नव्हतं. गाडीवाला इंजिन चालू ठेवून बसला होता, तो शेवटी रिकामाच निघून गेला. अध्यक्ष सासूबाईंपाशी आले, खांबाकडे बघितलं, डोकं खाजवलं. "काकू, नक्की का?"

"नक्की कशाचं सांगू? दिसलं ते सांगितलं."

"बरं," ते म्हणाले. "या वेळी वाघच निघू दे म्हणावं. नाहीतर पुढच्या वेळी ही मंडळी माझं ऐकायची नाहीत. राखणच मोडीत निघेल."

हे ऐकून सासूबाईंचा चेहरा उतरला. पाण्यात विष निघावं अशी इच्छा कशी करायची, आणि निघू नये अशी तरी कशी करायची? संध्याकाळी जेवताना नवरा एक शब्द बोलला नाही. भात ताटात नुसता चिवडत होता. सासूबाईंनी त्याला वाढलं, मला वाढलं, स्वतःला घ्यायच्या विसरल्या. मी नवऱ्याला टेबलाखालून पायाने ढोसलं, तर तो म्हणाला, "मी काही बोललो का?" बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव शेडमध्ये फोनची वाट बघत बसलं. काम नसलेली माणसं एका जागी बसली की वाईट बोलतात. कुणी म्हणालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. कुणी म्हणालं, म्हातारपणी माणसाला काय काय दिसतं. सासूबाई बर्फाच्या यंत्रापाशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांना ऐकू जात होतं.

दुपार कलायला लागली तेव्हा फोन वाजला. अध्यक्षांनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"काकूंना सांगा, त्यांनी ओळखलं ते अगदी बरोबर," पलीकडून प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली. "गाळणीच्या डबीतल्या पाण्यात तोच जीव आहे. पण बाटलीतलं पाणी साफ आहे. आणि तुमचे शिंपले आम्ही तपासले, तेही साफ आहेत. तुम्ही फडकं उतरवू शकता. फक्त एक..."

पुढचं कोणाला ऐकू गेलं असेल तर शपथ. माणसं एकदम उठली, खुर्च्या पडल्या, कुणी शिट्टी मारली, दोघे पळत खांबाकडे गेले. नवरा गाडीवाल्याला फोन लावत धावला. अध्यक्ष फोनमध्ये "हो, हो, बघतो, कळवतो" म्हणत होते आणि दुसऱ्या हाताने पेट्या उचलायची खूण करत होते.

"काय म्हणत होती ती?" मी विचारलं.

"गाळणी आधी कुठे वापरली होती का, विचारत होती. काहीतरी चिकटून राहिलं असणार." ते हसत सासूबाईंकडे वळले. "काकू, भांडी तेवढी घासत चला!"

सगळे हसले. सासूबाईही हसल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या, पण हसल्या, आणि डोळे पुसले. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, कुणाच्या ताटात काही गेलं नाही, राखण टिकली, नवरा जेवेल. मी हातमोजे चढवले आणि निवडायच्या टेबलाशी उभी राहिले. सासूबाई माझ्या शेजारी आल्या.

"मी नेहमी धुते गं," त्या हळूच म्हणाल्या. "घरी आले की नळाच्या गोड्या पाण्याखाली, आतून बाहेरून, डबीसुद्धा वेगळी काढून. मग दोरीवर."

"जाऊ द्या ना, आई. कालची तर ताईंकडून आली होती."

"ते म्हणाले की धुतलीय."

"धुतली असेल त्यांच्या पद्धतीने. त्या लोकांना जाळी धुवायची म्हणजे काय, होडीच्या मागून समुद्रात दोनदा बुडवायची आणि झटकायची. तिकडे सगळे तसंच करतात."

मी हे मजेत बोलले. हातातला शिंपला पेटीत टाकला आणि दुसरा उचलला. मान वर केली तर सासूबाईंच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"म्हणजे ते तिकडचं आहे," त्या म्हणाल्या.

मग मलाही कळलं. आमच्या खाडीत नव्हतं ते गाळणीत आलं कुठून? डोंगरापलीकडून. तिथे खांब नाही, फडकं नाही, प्रयोगशाळेला जाणारी बाटली नाही. तिथे शिंपले विकायला नसतात. मोठी ओहोटी लागली की घरोघरची माणसं खडकांवर उतरतात, बादल्या भरून शिंपले काढतात आणि घरीच खातात. आणि मोठी ओहोटी त्याच दिवशी होती.

ताईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. जावयांचा लागतच नव्हता. सासूबाई माझ्या मनगटाला धरून उभ्या होत्या, त्यांची नखं रुतत होती. "खडकावर असेल. फोन घरी ठेवून जाते ती, ओला होतो म्हणून," असं त्या तीनतीनदा म्हणाल्या. मी अध्यक्षांना ओरडून काय झालंय ते सांगितलं आणि स्कूटर काढली. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. गाडीचं राहू द्या, मी दुसरे नंबर लावत राहतो, तुम्ही निघा, असं ते म्हणाले. मी रस्त्यातून प्रयोगशाळेत फोन लावून सासूबाईंच्या कानाला दिला, आणि मागे त्यांचं अडखळत बोलणं मला ऐकू येत होतं.

"ती म्हणते, लगेच जा. थांबू नका. कोणाला खाऊ देऊ नका. तिकडच्या दवाखान्याला ती कळवतेय," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "आणि ती म्हणते, पण खात्री तपासल्याशिवाय देता येत नाही."

वळणावळणाचा रस्ता. एरवी मी जोरात चालवते म्हणून त्या मागून टोकत राहतात. आज एकदाही "हळू" म्हणाल्या नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली.

ताईंचं घर आखाताच्या काठाने जाणाऱ्या गल्लीत पहिलंच आहे. आम्ही पोचलो तेव्हा गल्लीत शिंपल्यांच्या वाफेचा वास होता. ताई स्वयंपाकघरात होत्या, केस ओले, ओट्यावर फोन, शेगडीवर पातेलं. झाकण थरथरत होतं.

"अगंबाई, आई! वहिनी! अशा अचानक?"

सासूबाईंनी विचारलंच नाही काही. गॅस बंद केला, पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि सगळंच्या सगळं मोरीत ओतलं. वाफेने हात भाजला असणार, त्यांना भान नव्हतं.

"आई! काय करतेस हे!"

मी भराभरा सांगितलं. ताईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्या सावरल्या. "पण प्रयोगशाळेने इथलं पाणी तपासलंय का? नाही ना?"

"नाही."

"म्हणजे खात्री नाही."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "आता गल्लीतल्या सगळ्यांना सांगायचं. चल."

ताईंनी त्यांचा हात धरला. आवाज खाली आणला. "आई, ऐक माझं. गेल्या वर्षी तुझं काय झालं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या सासरी अजून त्यावर हसतात. मी महिनाभर दारोदार फिरून या लोकांना पाणी बघायला तयार केलंय. तू आता घरोघर जाऊन पातेली उलथी केलीस आणि काही निघालं नाही, तर इथे पुन्हा कधी कोणी माझं ऐकणार नाही. मला इथे राहायचंय गं."

खरं सांगते, मला ताईंचं पटत होतं. सासूबाई पोरीकडे बघत राहिल्या. त्यांना तिचं पटत होतं हेही दिसत होतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग त्यांनी आपला हात सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "हसू दे. जिवंत असली तर हसतील ना?" आणि त्या दाराबाहेर पडल्या.

बाहेर ओसरीवर ताईंचे सासरे बसलेले असतात. आम्ही घाईत आत शिरलो तेव्हा त्यांनी हात वर केला होता, आम्ही लक्षही दिलं नव्हतं. आता सासूबाई त्यांच्यासमोर थांबल्या. म्हातारबुवांच्या हातात चहाचा कप होता आणि चहा हनुवटीवरून खाली सदऱ्यावर ओघळत होता. ते तो पुसत नव्हते.

"व्याहीबुवा, काय खाल्लंत?"

"पहिला घाणा मीच खातो नेहमी," ते म्हणाले. शब्द जड, जिभेला चिकटलेले. "तिखट असेल. ओठ... माझे ओठच जागेवर नाहीत बघा."

ताई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला, तो माझ्या अजून कानात आहे. पुढच्याच क्षणी त्या अनवाणी गल्लीत धावत सुटल्या, प्रत्येक दारावर दोन्ही हातांनी थापा मारत, "खाऊ नका! कोणी खाऊ नका!" असं ओरडत.

रुग्णवाहिका लवकर आली, प्रयोगशाळेतल्या मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून. म्हातारबुवांना तोवर हात उचलता येत नव्हते. डोळे मात्र टक्क उघडे आणि सगळं कळत होतं त्यांना, ते फार भयंकर होतं. सासूबाईंनी त्यांना बजावलं, "श्वास घेत राहा, व्याहीबुवा, दुसरं काही करू नका, नुसता श्वास घ्या." ताई त्यांच्याबरोबर गेल्या, जावई खडकांवरून धावत येऊन मागोमाग गेले. दवाखान्यातली परिचारिका गल्लीच्या एका टोकाने निघाली, आम्ही दुसऱ्या टोकाने. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं आणि परत उघडलं. एका बाईने आमच्यासमोर पातेलं ओतलं आणि मग मटकन खाली बसली, कारण तिच्या मुलीने वाटीभर आधीच खाल्लं होतं. मुलीच्याही ओठांना मुंग्या होत्या. तिला स्कूटरवर घालून कुणीतरी नेलं.

असं करत शेवटचं घर आलं. त्याला कुलूप होतं. पायरीवर ओल्या गोणपाटाने झाकलेली बादली, आत शिंपले.

"दोघं बाजारात गेलीत, येतील," शेजारीण म्हणाली. त्यांचा नंबर तिच्याकडे नव्हता.

"ओतून टाकू आणि चिठ्ठी ठेवू," मी म्हटलं.

"ओतली तर चोरी झाली म्हणून परत खडकावर जातील. चिठ्ठी उडून जाईल. आणि आत काय शिजवून ठेवलंय, आपल्याला काय माहीत?" सासूबाई पायरीवर बसल्या, बादली दोन पायांच्या मध्ये ओढून घेतली आणि तिच्यावर हात ठेवले. भाजलेल्या हातावर फोड उठायला लागला होता. "तू जा ताईकडे."

मी गेले नाही. उभी राहिले. पाय दुखायला लागले तरी बसवेना. नवऱ्याचा फोन आला, गाडी भरून गेली म्हणून, आणि आईला दे म्हणाला. आई आत्ता बोलत नाहीत, एवढंच मी सांगितलं. मग ताईंचा आला. म्हातारबुवांना श्वासाचं यंत्र लावलंय, डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलं, पण उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. वाटीभर खाल्लेली ती मुलगी बरी आहे. मी सगळं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. रस्त्याकडचे डोळे काढले नाहीत.

उन्हं कलली तेव्हा ते जोडपं आलं. पिशव्या घेतलेला नवरा पुढे, बायको मागे. आपल्या पायरीवर कुणी परकी म्हातारी आपली बादली कवटाळून बसली आहे हे बघून ती बाई जागच्या जागी थबकली, आणि मग तिचा आवाज चढला. "अहो, कोण तुम्ही? सोडा ती बादली! दिवसाढवळ्या..."

"शिव्या मागून द्या," सासूबाई म्हणाल्या. उठायचा प्रयत्न केला, पाय आखडले होते, उठता आलं नाही. "आधी सांगा, आज काय खाल्लंत?"

त्या बाईने नवऱ्याकडे बघितलं. "खाल्लं म्हणजे? बाजारात केळी खाल्ली. आत्ता हेच शिजवणार होतो. का?"

"घरात काही शिजवलेलं नाही? सकाळचं? चाखून बघितलं नाही?"

"नाही हो. काहीच नाही."

सासूबाईंनी डोळे मिटले. दोघांची तोंडं मी एकदा नीट निरखून बघितली, ओठ बघितले, बोलताना जीभ अडखळते का ते ऐकलं. मग पुढे होऊन मीच त्यांना विचारलं, "नक्की ना?"